हाड 'सेट' करायचं म्हणजे बसवायचं की जोडायचं?

अर्धविराम:
एका कथेचा अनुवाद करतेय आणि दोन दिवस एकाच शब्दावर अडकलेय. कथेतला मुलगा झाडावरून पडतो, हात मोडतो, डॉक्टर म्हणतात हाड सेट करावं लागेल, मग प्लास्टर घालतात, ते सेट होईपर्यंत आई खिडकीशी उभी राहते आणि बाहेर सूर्य सेट होत असतो. मूळ लेखकाने तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद मुद्दाम वापरलंय, वाचताना ते जाणवतं. मी लिहिलं 'हाड बसवावं लागेल', 'प्लास्टर धरेपर्यंत' आणि 'सूर्य मावळत होता'. तीन शब्द झाले, लय गेली, ते एक दुःख आहेच. पण मुद्रितशोधकांनी पहिलंच वाक्य खोडून 'हाड जोडावं लागेल' केलं. म्हणे बसवतात ते नाटक, हाड नाही. मी तर लहानपणापासून हाड बसवणंच ऐकत आलेय. बरोबर काय?

टाचण:
बसवणंच बरोबर, आणि हा नुसता आवडीचा प्रश्न नाही, अर्थ बदलतोय. मोडलेल्या हाडाची टोकं सरकलेली असतात, ती ओढून जागच्या जागी आणणं म्हणजे बसवणं. जोडायचं काम डॉक्टर करतच नाहीत, ते हाड स्वतः करतं, पुढचे कित्येक आठवडे. माझं मनगट मोडलं होतं तेव्हा एकाने कोपर धरलं, दुसऱ्याने बोटं धरून सरळ ओढलं, आत काहीतरी सरकल्याचं मला कळलं आणि ते म्हणाले, "बसलं." त्या क्षणी 'जोडलं' म्हणाले असते तर ते खोटं झालं असतं. अर्धविराम, खोडलेलं परत लिहा.

रफार:
टाचणताईंना अनुमोदन, आणि वर एक गंमत. इंग्रजीत 'सेट' हे 'सिट'चंच प्रयोजक रूप आहे. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे, नुसता आतला स्वर बदलतो. आपल्याकडे पडणे-पाडणे, मरणे-मारणे, चरणे-चारणे होतं ना, अगदी तसं. त्यांच्याकडे फॉल-फेल, राइज-रेझ या अशाच जोड्या. त्यामुळे 'सेट'ला बसवणे हा प्रतिशब्द कुणी ओढूनताणून आणलेला नाही, तो मुळातच तिथे आहे. हिरा कोंदणात बसवतात, सांधा बसवतात, घडी बसवतात. आणि क्रिकेटमधला 'सेट झालेला बॅट्समन' आठवा, मराठीत त्याचा 'जम बसलेला' असतो!

जुनी पाटी:
एवढं सगळं मराठीत असताना आपण दिवसभर 'सेट कर, सेट झालं' का करतो हा माझा प्रश्न आहे. आणि रफारराव, एकटं बसवणे पुरणार नाही, 'सेट'चं अर्धं काम आपल्याकडे 'लावणे' करतं. गजर लावतो, सापळा लावतो, आग लावतो, घड्याळ लावतो. इंग्रजीत या चारही ठिकाणी सेट. शिवाय लावणेचा पसारा त्याच्यापेक्षा कमी नाही. दार लावलं की बंद होतं आणि दिवा लावला की सुरू होतो, जीव लावतात, अर्थ लावतात, छडा लावतात, सूर लावतात, आणि वाटेला लावणं निराळं, वाट लावणं निराळं. परक्या भाषेने हे कधीतरी मोजावं.

पैलतीर:
त्यांनी स्वतःचं तरी मोजलंय. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची १९८९ची २० खंडांची आवृत्ती आहे तिच्यात सर्वात लांब नोंद 'सेट'चीच होती, ४३० अर्थ आणि जवळपास ६०,००० शब्द. म्हणजे एका शब्दाची नोंद एका छोट्या पुस्तकाएवढी. पुढे नव्याने काम करताना 'रन' पुढे गेला, नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. लावणेवर कुणी असं बसून काम केलं तर मला फार आवडेल.
पण एक शंका. सेट म्हणजे संच हाही बसवण्यातूनच आला का? माझी समजूत होती की एकत्र बसवलेल्या वस्तू म्हणून सेट.

रफार:
नाही, तो वेगळ्या घरचा. संच या अर्थाचा सेट जुन्या फ्रेंचमधून आलाय आणि त्याच्या मागे लॅटिन 'सेक्टा' आहे, ज्यातून सेक्ट म्हणजे पंथ आला. अनुयायांचा जथा, मग कुठलाही जथा. नंतर दोन्ही शब्द उच्चाराला सारखे पडले आणि अर्थही एकमेकांत मिसळले, म्हणून तुमच्यासारखंच सगळ्यांना वाटतं.

काना-मात्रा:
मी मुद्रितशोधकांची बाजू घेणार आहे, रागावू नका. माझे वडील छापखान्यात जुळारी होते. टाइप सेट करणे म्हणजे मराठीत खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवणे, बसवणे नाही. त्यांच्या डाव्या हातात लोखंडी पट्टी असायची, उजव्या हाताने खिळ्यांच्या पेटीतल्या घरातून एकेक खिळा उचलून ते ओळ उभी करायचे, तीही उलटी, आणि मला ती वाचता येत नसे, त्यांना येई. अक्षर एका खिळ्यात, वेलांटी दुसऱ्यात. ओळ भरली की अंगठ्याने दाबून बघत, जरा जरी हलली तरी अख्खी परत. जुळवणं आणि जोडणं तसं जवळचं. मोडलेली दोन टोकं जुळवतात असं म्हटलं तर काय चुकलं?

टाचण:
जुळवणे मला चालेल हो, चांगलाच शब्द आहे, पण त्यांनी जुळवणे नाही लिहिलं, जोडणे लिहिलंय. आणि अर्धविराम, प्लास्टरचं तुम्ही 'धरेपर्यंत' केलंत ते फार छान, ते बदलू देऊ नका, कारण पुढे कुणीतरी 'वाळेपर्यंत' करेल. प्लास्टर वाळून घट्ट होत नाही. जिप्सम भाजून त्यातलं पाणी घालवलं की ती भुकटी होते, पुन्हा पाणी घातलं की ती ते आत घेते आणि परत जिप्समचा दगड होतो, म्हणून तर ओलं असतानाच कडक होतं आणि हाताला गरम लागतं.

जुनी पाटी:
आणि बघा, इथेही मराठी नेमकी. पाणी गोठतं, मेण थिजतं, रक्त साकळतं, सिमेंट धरतं. इंग्रजी यातल्या कितीतरी ठिकाणी एकट्या सेटवर भागवते. आपण हे शब्द सोडून 'सेट झालं' म्हणायला लागलो की चार शब्द मरतात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

पैलतीर:
मरत नाहीत हो. 'पोरगा सेट झाला' हे वाक्य घ्या. त्यात नोकरी आली, घर आलं, मनाची स्थिरता आली, हे सगळं 'स्थिरावला' मध्ये येतं का? मला नाही वाटत. लोकांनी तो शब्द घेऊन स्वतःचा अर्थ घातलाय. 'सेटिंग लावणे' तर इंग्रजाला कळणारसुद्धा नाही, ती मराठीच झाली.

काना-मात्रा:
ते सेट झाला मूळ 'सेटल'चं तोडलेलं रूप आहे ना पण?

रफार:
असेलही, पण सेटलसुद्धा त्याच कुळातला, बसायच्या जागेवरून आलेला. आणि हे कूळ आपल्यालाही परकं नाही. संस्कृतात 'सद्' म्हणजे बसणे, त्यातूनच सदन, संसद, परिषद, उपनिषद. मात्र आपलं 'बसणे' त्यातलं नाही, ते उपविश्, बैसणे असं आलंय. सद्चा दुसरा अर्थ खचणे, म्हणून विषाद, अवसाद. मराठीतही जमीन बसते, आवाज बसतो. मला नेहमी वाटतं इंग्रजांचा सूर्य 'सेट' होतो तो असाच खाली बसत असणार.

जुनी पाटी:
आपला सूर्य मात्र बसत नाही, घरी जातो. वेदांमध्ये 'अस्त' म्हणजे घर. अस्ताला गेला म्हणजे घरी गेला.

अर्धविराम:
हे मला माहीतच नव्हतं! आई खिडकीशी उभी आहे आणि बाहेर सूर्य घरी चाललाय, माझ्या वाक्याला इतकं जवळचं दुसरं काही मिळणार नाही, 'मावळत होता' काढून 'अस्ताला जात होता' करते. हाड बसवणारच, टाचणताईंचं कारण तसंच लिहून पाठवते. पण एकाच क्रियापदाची ती लय, त्याचं काही होईल का? रफार, तिन्हीकडे 'बसणे' आणता येईल?

काना-मात्रा:
प्लास्टर 'बसलं' नका करू, ते निसटून खाली आलं असं वाटेल.

पैलतीर:
आणि वाटेला लावणे, वाट लावणे यात इतका फरक कधी पडला असेल? जुनी पाटी, जुन्या पत्रांमध्ये तुम्ही 'वाट लावणे' चांगल्या अर्थाने वाचलंय का कधी?