मदत हवी आहे: पोरंबाळं असलेल्या तिघा पालकांसाठी मोफत प्रशिक्षण (चोपडा तालुका)

अनेरकाठ

गाव चोपडा तालुक्यात. तिघं पालक आहेत. पैसे न भरता काही शिकून त्यावर घर चालवायचं आहे. मोघम उत्तरं येऊ नयेत म्हणून तपशील देतो.

पहिला: वय ४३, गवंडी, सातवी शिकलेला. बायको शिलाई करते. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत.
दुसरा: वय ३६, दहावी नापास. दिवाळीनंतर मार्चपर्यंत कापसाच्या जिनिंग कारखान्यात, मग मिळेल ते काम. तीन मुलं.
तिसरा: वय २९, बारावी पास, पावरा (आदिवासी) समाज, चारचाकीचं लायसन्स आहे. एक लहान मुलगी.

अडचण तिघांची एकच. महिनाभर रोज बुडाला तर चूल कशी पेटायची? "योजना भरपूर आहेत, ऑनलाइन बघा" हे कृपया नको. ते ऐकून झालंय.

तापीखोरे

भाऊ, योजनेच्या नावाने शोधू नका. वय किती आणि रोज किती बुडणार, या दोन चाळण्या लावा. निम्म्याहून जास्त योजना तिथंच गळतात, कारण बहुतेक योजना आखताना डोळ्यांपुढे बिनलग्नाचा पोरगा असतो.

दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना पुरुषांना साधारण ३५ पर्यंतच (अपंग वगैरे काही गटांना सवलत आहे). पंतप्रधान कौशल्य विकास योजनेच्या चौथ्या टप्प्यात अल्पमुदतीचा कोर्स ४५ पर्यंत, आणि हातात आधीपासून असलेल्या कामाची परीक्षा घेऊन दाखला देतात ती आरपीएल ५९ पर्यंत. आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, १८ ते ४५ असा गट धरतात. विश्वकर्मा योजनेला वयाची वरची अटच नाही.

म्हणून गवंडीदादांसाठी पीएम विश्वकर्मा. १८ कारागिरीत राजमिस्त्री आहे. मूळ प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचं, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर. गवंड्याचा रोज ५०० च्या वर जातो आणि हे पैसे रोज हातात पडत नाहीत, मागाहून खात्यावर येतात. त्यामुळे आठवडा थोड्या तोट्यात जाणार हे धरून चला. पुढे हवं असेल तर ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज, तारण नाही, फेड १८ महिन्यांत. सेंट्रिंगच्या प्लेटा घेऊन स्वतः छोटी कामं धरायची असतील तरच ते उचला. नुसतं मिळतंय म्हणून उचललेलं कर्ज लग्नात जातं.

अर्ज सीएससी केंद्रातून (गावातलं ऑनलाइन सरकारी सेवा केंद्र) होतो, पहिली पडताळणी ग्रामपंचायत करते. पण त्याआधी घरात विचारा: वहिनींनी शिलाईसाठी विश्वकर्माचा अर्ज केलाय का? एका कुटुंबातून एकच माणूस चालतो, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. गावोगावी बायकांनी शिलाई मशीनच्या आशेने आधीच फॉर्म भरलेत. नवऱ्याचा अर्ज मग तिथंच अडकतो.

बांधकाम_फाइल

गवंडीदादांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का? नसेल तर प्रशिक्षणाच्या आधी ती करा. वय १८ ते ६०, मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला ठेकेदाराचा किंवा ग्रामसेवकाचा. नोंदणी फी १ रुपया आहे. हजार-दीड हजार मागणारा माणूस मंडळाचा नाही, दलाल आहे.

यांच्या पोरांचा हिशेब सोपा आहे. पहिली ते सातवी वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावी ५,०००, पहिल्या दोन मुलांसाठी. म्हणजे यांच्या घरात वर्षाला ७,५००. शाळेची हजेरी ७५ टक्के लागते. नोंदणीचं नूतनीकरण चुकलं की शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो, आणि लोक शाळेला दोष देत बसतात.

केळीपट्टा

दुसऱ्या दादांसाठी आरसेटी. जिल्ह्यात ती बँक चालवते. राहणं, जेवण, शिकवणं सगळं फुकट. विद्यावेतनाच्या भरवशावर मात्र जाऊ नका. म्हणून वेळ साधायची: जिनिंग बंद, पाऊस सुरू, शेतातलं काम तुटक, अशा आषाढ-श्रावणात महिना काढायचा. बॅच २५ ते ३५ जणांची असते आणि ती भरल्याशिवाय सुरू होत नाही. मे महिन्यातच नाव देऊन ठेवा.

मी त्यांना इलेक्ट्रिक मोटार रिवाइंडिंगचा, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्याचा, ३० दिवसांचा कोर्स सुचवेन. चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात केळी आहे, म्हणजे वर्षभर मोटारी चालतात. उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, मोटार कोरडी फिरते. कधी एक फेज जातो, कधी व्होल्टेज पडतं. मार्च ते मे दुकानांत जळालेल्या मोटारींची रांग असते, आणि नेमकं तेव्हाच जिनिंगचं काम संपलेलं असतं.

काम शिकताना कुठं घसरतात तेही सांगतो. जुनं वाइंडिंग कापण्याआधी वहीत चार गोष्टी उतरवायच्या: एका कॉइलचे फेरे, तारेचा गेज, पिच म्हणजे कॉइलची एक बाजू या खाचेत तर दुसरी किती खाचांवर, आणि जोडणी स्टार की डेल्टा. घाईत तार आधी उपसली की पुढे सगळा अंदाज. फेरे कमी पडले तर मोटार जास्त करंट ओढते आणि तापते. दुसरं, पाणी भरून चालणाऱ्या सबमर्सिबलला प्लास्टिकच्या आवरणाची वाइंडिंग तारच लागते. साधी इनॅमलची तार स्वस्त पडते म्हणून घातली तर मोटार पुन्हा दुकानात. तिसरं, मोटार देण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरवर वाइंडिंग आणि बॉडीमधलं इन्सुलेशन तपासायचं. १ मेगओहमच्या खाली दाखवलं तर ओल आहे किंवा तार कुठंतरी सोललीय. ती मोटार गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही.

दाखला मिळाल्यावर लगेच दुकान टाकू नये. एक हंगाम दुसऱ्याच्या हाताखाली काढावा. मग मुद्रा योजनेच्या शिशु गटातून ५०,००० पर्यंत कर्ज, त्यात तार गुंडाळायचं हातयंत्र, मेगर, क्लॅम्प मीटर आणि सुरुवातीची तार बसते. तोवर गावातल्या गावात साध्या मोनोब्लॉकपासून सुरुवात.

अमळनेरकर

एवढं फिरवण्यापेक्षा सरळ आयटीआय का नको? वायरमन, इलेक्ट्रिशियन. वयाची वरची अट नाही.

केळीपट्टा

भो, दोन वर्षं आहेत ती! तीन पोरांच्या बापाने दोन वर्षं दिवसभर वर्गात बसायचं तर घर कोण बघणार? शिवाय इलेक्ट्रिशियनला दहावी पास लागते, हे दादा नापास आहेत.

पण तुमच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे. आरसेटीत हाऊस वायरिंगचाही कोर्स आहे आणि बरेच जण तो घेतात. नवीन कनेक्शनसाठी महावितरणला वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट परवानाधारक कंत्राटदाराचाच लागतो, महिन्याच्या दाखल्यावर सही चालत नाही. मग हा माणूस कायम दुसऱ्याचा हेल्पर राहतो. रिवाइंडिंगला ही आडकाठी नाही.

सातपुडा_पायथा

तिसऱ्या भाऊंनी यावलच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जावं, चोपडा तिकडेच येतो. न्यूक्लियस बजेटमधून (प्रकल्प कार्यालयाकडचा स्थानिक योजनांचा निधी) वाहनचालक, संगणक अशी प्रशिक्षणं घेतात. यादी दरवर्षी बदलते, म्हणून जाहिरातीची वाट न बघता जातीचा दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बारावीची गुणपत्रिका घेऊन समक्ष विचारावं.

लायसन्सबद्दल: हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, सर्वोच्च न्यायालयाचा ६ नोव्हेंबर २०२४ चा निकाल आहे. म्हणजे पिकअप, छोटा टेम्पो आजही हाकता येईल. केळी भरून दिल्लीकडे जाणाऱ्या मोठ्या ट्रकला जड वाहनाचंच लागतं, आणि त्यासाठी हलक्याचं लायसन्स किमान वर्षभर जुनं हवं. फुकट प्रशिक्षण मिळणार असेल तर ते जड वाहनाचं घ्यावं, हलकं पुन्हा शिकण्यात वेळ घालवू नये. लांबच्या गाडीवर आठ-आठ दिवस घर दिसत नाही, पोरगी लहान आहे, तोही विचार करावा.

नोकरीच हवी असेल तर महास्वयम पोर्टलवर नोंदणी फुकट आहे. जळगावचं जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र मेळावे घेतं, अर्ज कसा भरायचा तेही सांगतं. मोबाइल नंबर बदलला की पोर्टलवरही बदला, नाहीतर बोलावणं जुन्या सिमवर जातं.

अनेरकाठ

सगळ्यांचे आभार. वहिनींनी अर्ज केलेला नाही, विचारलं. पण गवंडीदादांचा अंगठा सीएससीत उमटतच नाही. आणि त्यांचं एक जुनं खातं सुरतेला आहे, एक इथं. पैसे कुठं येणार?

तापीखोरे

सिमेंटने रेषा झिजतात, गवंड्यांचं हे नेहमीचं. कामावरून थेट केंद्रात नेऊ नका. दोन दिवस सुट्टी, रात्री हाताला तेल, सकाळी साबणाने धुऊन कोरडे. अंगठाच धरून बसू नका, दहाही बोटं लावून बघायला सांगा. तरी नाही झालं तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट, त्यात डोळ्यांची बुबुळंही नव्याने घेतात.

पैसे त्यांनी सांगितलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलेल्या खात्यात जातात, आणि तसं खातं एकावेळी एकच असतं. मायआधार संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस बघा. सुरतेची बँक दिसली तर इथल्या शाखेत आधार सीडिंगचा फॉर्म भरून द्या. नुसतं केवायसी करून हे होत नाही, काउंटरवर "डीबीटीसाठी" असा शब्द वापरा.

बांधकाम_फाइल

एक राहिलं. तिघांनाही सांगा, कुठल्याही केंद्रात मूळ गुणपत्रिका जमा करायची नाही. मूळ कागद दाखवायचा, झेरॉक्स द्यायची. काही खाजगी केंद्रं "फुकट कोर्स" म्हणून मूळ कागद ठेवून घेतात आणि मध्येच सोडलं तर परत द्यायला पैसे मागतात.