गारफिल्डचे चार महिने: खरं काम की नुसती हळहळ?

माळावरचा_वारा:
जेम्स गारफिल्ड ४ मार्च १८८१ ला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, २ जुलैला वॉशिंग्टनच्या स्टेशनवर गोळ्या लागल्या, १९ सप्टेंबरला गेला. धडधाकट असे चारच महिने मिळाले म्हणून लोक त्याला हिशेबातच धरत नाहीत, हे मला अजिबात पटत नाही. न्यूयॉर्क बंदराचं कस्टम हाऊस म्हणजे तेव्हाची दुभती गाय, आयातकराचा बहुतेक पैसा तिथूनच यायचा, आणि तिथे कुणाला चिकटवायचं हे सिनेटर रॉस्को कॉंकलिंग ठरवायचा. गारफिल्डने तिथे त्याचाच विरोधक विल्यम रॉबर्टसन नेमला. तर कॉंकलिंगने काय डाव टाकला, आपल्या माणसांची नावं सिनेटमध्ये आधी मंजूर करून घ्यायची आणि रॉबर्टसनचं भिजत घोंगडं ठेवायचं. पण गारफिल्ड पठ्ठ्याने न्यूयॉर्कची बाकीची नावंच परत मागवली, रॉबर्टसनचं तेवढं ठेवलं! १६ मे ला कॉंकलिंगने सिनेटचा राजीनामा फेकला, दोन दिवसांत रॉबर्टसन मंजूर. कोण कुठे बसणार हे राष्ट्राध्यक्ष ठरवणार, सिनेटर नाही, हे त्या दिवशी पक्कं झालं.

शाईदौत:
सॉरी, पण अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या खुर्चीवर आधी एडविन मेरिट नावाचा माणूस होता, त्याला आधीचा राष्ट्राध्यक्ष हेज यानेच सुधारणेसाठी आणलेलं, त्याची मुदतही संपली नव्हती. आणि रॉबर्टसन कोण, तर गारफिल्डला ज्यात उमेदवारी मिळाली त्या रिपब्लिकन पक्षाच्या १८८० च्या शिकागो अधिवेशनात माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या विरोधात न्यूयॉर्कचे प्रतिनिधी फोडणारा. ही सुधारणा की बक्षिसी? पोस्टाच्या स्टार रूट घोटाळ्याची, म्हणजे टपाल वाहून नेण्याच्या कंत्राटांतल्या लुटीची, चौकशी गारफिल्डने लावली म्हणाल, तर १८८३ मध्ये मुख्य आरोपी सुटले. गुणवत्तेवर सरकारी नोकरभरतीचा पेंडलटन कायदाही जानेवारी १८८३ चा, सही गारफिल्डनंतरचा राष्ट्राध्यक्ष आर्थर याची.

काकडआरती:
कर्जाचं कुणीच बोलत नाहीये. सरकारच्या डोक्यावर ५-६ टक्क्यांचे बाँड होते, मुदत भरत आलेली, काँग्रेसचं अधिवेशन चालू नाही. अर्थमंत्री विंडमने बाँडवाल्यांना सांगितलं, साडेतीन टक्क्याने चालू ठेवा नाहीतर पैसे घेऊन जा. बहुतेकांनी ठेवले. वर्षाला १ कोटी डॉलरच्या वर व्याज वाचलं, नवा कायदा न करता. याला काम नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

शाईदौत:
हे मान्य, विंडमचं डोकं चांगलंच चाललं. पण पेंडलटनचं श्रेय गारफिल्डला देऊ नका, तो कायदा लोकांच्या संतापातून आला, पॅरिसची नेमणूक मिळाली नाही म्हणून गितोने गोळ्या झाडल्या म्हणून.

माळावरचा_वारा:
मेरिटचा मुद्दा बरोबर आहे, त्याच्यावर अन्याय झाला. पण कॉंकलिंगपुढे वाकला असता तर पुढचा प्रत्येक राष्ट्राध्यक्ष वाकला असता. आणि ब्लँच ब्रूसला विसरू नका, गुलामीत जन्मलेला माणूस, त्याला गारफिल्डने ट्रेझरीचा रजिस्टर केलं आणि अमेरिकेच्या नोटांवर पहिल्यांदा एका कृष्णवर्णीयाची सही छापली गेली. दक्षिणेत कृष्णवर्णीयांचं मतदान दडपलं जात होतं, त्या काळात.

शाईदौत:
ब्रूसचं माझ्या लक्षातच नव्हतं. तेवढं तुमचं.