बालीत तुलांबेनला नुसते गोटेच आहेत, स्नॉर्कलिंगला आत उतरायचं कसं?

नांदेडचा_बंडू

मंडळी, सप्टेंबरात बालीला जायलोत. मी, बायको आणि चौदा वर्षांचं पोरगं. तिकिटं काढून झालीत, त्यामुळं “कशाला एवढ्या लांब” हा सल्ला नको, तो आईकडून मिळालाय.

शेवटचे दोन दिवस तुलांबेन नावाच्या गावात राहणार. तिथं किनाऱ्याला लागूनच बुडालेलं जहाज आहे, नावेची गरज नाही, चालत पाण्यात शिरायचं, तोंडात श्वासाची नळी धरून तरंगायचं आणि वरून बघायचं, असं पोरानं मोबाईलवर शोधून ठेवलंय. पण फोटो बघितले तर वाळूचा पत्ता नाही! सगळे काळे गोटे, मुठीएवढे ते डोक्याएवढे, आणि त्यावर लाटा आपटायल्यात.

मी गावाकडं हिरीत पोहायला शिकलो, तळाची माती वर आणणाऱ्यातला होतो. पोरगं इथं जलतरण तलावात शिकलंय. बायकोला पोहता येत नाही, पण तिला मासे बघायचेत. मला चष्मा आहे, वजा चारचा. शिवाय मिशी आहे, आणि मिशीमुळं डोळे-नाक झाकणाऱ्या मास्कमध्ये पाणी शिरतं असं वाचलं. चप्पल घालून उतरावं का बूट? गाईड करावा का? कुणी स्वतः जाऊन आलेलं असेल तर सांगा. ऐकीव नको.

औशाची_मावशी

मी जाऊन आलेय. लेक सिंगापूरला असते, तिच्या नादानं या वयात समुद्रात डोकं घालायला लागले. कॉलेजात फिजिक्स शिकवत होते, त्यामुळं उत्तर लांबलं तर सांभाळून घे.

बंडू, पोहता येतं का हा प्रश्न आधी बाजूला ठेव. हिरीत शिकलेल्या माणसाला तिथं तरंगायला कष्ट नाहीत. समुद्राचं पाणी लिटरमागं पंचवीसेक ग्रॅमनं जड असतं, ते तुला आपसूक वर धरतं. गोट्यांच्या किनाऱ्यावर माणसं पडतात ती पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा पावलांत. मधल्या तासाभरात पट्टीच्या पोहणाऱ्याला आणि तरंगायचं जॅकेट घातलेल्या नवख्याला सारखेच मासे दिसतात.

हिरीत उडी मारायच्या आधी आपण काय बघायचो? वर यायला पायऱ्या कुठं आहेत. तिथंही तेच बघायचं. फरक एवढाच की हिरीची पायरी जागची हलत नाही, आणि इथं सकाळी सोपी वाटलेली जागा भरती-ओहोटी बदलली की अवघड होऊन बसते. म्हणून गेल्या गेल्या कपडे काढायची घाई करू नको. दहा-पंधरा मिनिटं कोरडा उभा राहा. लाटा एकसारख्या येत नाहीत, काही मोठ्या लागोपाठ येतात आणि मग उसंत मिळते. उसंत किती वेळ टिकते ते मनात मोज. पाणबुडे कुठून उतरतात आणि कुठून निघतात तेही बघ. वर येताना खूण लागते, तेव्हा एखादं झाड नाहीतर छप्पर हेरून ठेव. पाण्यातून मान वर काढली की सगळा किनारा एकसारखा काळा दिसतो.

आता पायात काय घालायचं. चप्पल अजिबात नको, पहिल्याच लाटेत जाते. निओप्रीनचे जाड तळाचे बूट मिळतात ते घे. फिन्स, म्हणजे पोहताना पायात घालायचे रबरी पंख, तेही दोन जातीचे असतात. एकात सगळं पाऊल आत जातं, ते बोटीवरून उडी मारणाऱ्यांसाठी ठीक. दुसऱ्यांची टाच उघडी असते, मागं पट्टा असतो, ते बुटावरून चढतात. दगडी किनाऱ्याला हे दुसरेच पाहिजेत. दुकानदार पहिले पुढं करील, तू पट्ट्याचे माग.

उतरताना मास्क डोळ्यावर, नळी तोंडात आणि फिन्स हातात. गोटे पायाखालून गडगडतात आणि त्यावर शेवाळ असतं, म्हणून पाऊल उचलून टाकू नको, सरकव. दोघं असाल तर एकमेकांचं मनगट धरा. लाटेला तोंडानं सामोरा जाऊ नको, अंग तिरकं ठेव. मांडीएवढ्या पाण्यात पोचलास की उभं राहायचा हट्ट सोड आणि लाट ओसरताना सरळ छातीवर आडवा हो. लाट जिथं फुटते तिथं उभा राहिलेला माणूस हमखास आपटतो, आडवा झालेला निघून जातो. फुटणाऱ्या लाटेच्या पलीकडं गेल्यावर निवांत तरंगत फिन्स चढव. गावातल्या बाया डोक्यावर हवेच्या टाक्या घेऊन त्याच गोट्यांवरनं खुशाल चालत जातात. त्यांच्याकडं बघून आपल्यालाही जमेल असं वाटतं, पण त्यांचा जन्म त्यात गेलाय.

बाहेर यायचं याच्यापेक्षा अवघड, कारण तोवर तू दमलेला असतोस आणि खुशीतही असतोस. लाट फुटते त्याच्या बाहेर थांब, मागं वळून बघ, मोठ्या लाटा जाऊ दे. उसंत मिळाली की पोहतच ये, हात गोट्यांना लागेपर्यंत. मग चार पायांवर रांगत वर ये. लोक हसतील का म्हणून गुडघाभर पाण्यात उभं राहून फिन्स काढणारे आणि समुद्राकडं पाठ करणारे मी बघितलेत. पुढची लाट त्यांना खाली बसवते. रांगण्यात कसली आलीय लाज?

वेळ सकाळची धर. दुपारी वारा सुटला की पाणी खवळतं. फार तर एवढंच की पाणबुड्यांची गर्दीही सकाळीच असते.

जहाजाविषयी पोराला सांग, शाळेत नाही शिकवणार. नाव लिबर्टी, अमेरिकन सैन्याचं मालवाहू जहाज, लांबी सुमारे १२० मीटर. जानेवारी १९४२ मध्ये लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीनं त्याला टॉर्पेडो मारला. ओढत आणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवलं आणि ते वीस वर्षं तिथंच पडून राहिलं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला, तेव्हा घसरून पाण्यात गेलं. आता ते किनाऱ्याला समांतर उतारावर आहे. वरचा भाग पाचेक मीटरवर, खालचा तीसेक मीटरवर. पाणी स्वच्छ असलं तर वरून लोखंडाच्या फासळ्या आणि त्यावर चढलेलं प्रवाळ दिसतं. तू ज्या गोट्यांवरनं चालशील तेही ज्वालामुखीचेच. आपला वेरूळचा काळा दगडही लाव्ह्याचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा. तिथले त्याच्यापुढं पोरंच.

खुलताबादकर

एवढा पैसा मासे बघायला? जायकवाडीला या, ताटात दाखवतो. 😄

औशाची_मावशी

ताटातला मासा पोहत नाही. पुढं चला.

परभणीचा_भूलतज्ज्ञ

मावशींनी किनाऱ्याचं सगळं सांगितलं. मी पोराविषयी बोलतो, कारण या प्रश्नात मला धास्ती त्याचीच वाटते. जहाज पाच मीटरवर आहे म्हटल्यावर पोरगं खाली जाऊन हात लावायला बघणारच. आणि बाप तळाची माती आणणारा, म्हणजे घरातून उत्तेजन!

बुडी मारण्याआधी जोरजोरात भराभर श्वास घ्यायची पोरांना सवय असते. हवा भरून घेतोय असं त्यांना वाटतं. रक्तातला ऑक्सिजन त्यानं फारसा वाढत नाही, तो आधीच जवळपास पूर्ण भरलेला असतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. आणि “आता श्वास घे” असा तगादा मेंदूला मुख्यतः त्याच्यामुळंच लागतो. तगादा उशिरा येतो, तोवर ऑक्सिजन संपत आलेला असतो. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो तसा उरलासुरला आणखी अपुरा पडतो आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध होतो. धडपड नाही, ओरडणं नाही. चांगले पोहणारेच यात सापडतात, कारण भित्रा माणूस तेवढा वेळ खाली थांबतच नाही.

म्हणून नियम असा: आधी शांत, नेहमीसारखा श्वास. एक जण खाली तर दुसरा वर, आणि वरच्यानं मासे बघायचे नाहीत, खालच्याला बघायचं. वर आल्यावर लगेच दुसरी बुडी नाही. आणि बंडूभाऊ, तुम्हालाही हाच नियम. दोन-तीन मीटरवर कान दुखायला लागतात. नाक चिमटीत धरून हळूच हवा कानाकडं ढकलायची, आणि तीही दुखायच्या आधी. कान उघडला नाही तर वर यायचं. सर्दी असेल त्या दिवशी खाली जायचंच नाही.

नळीतून श्वास सावकाश आणि खोल घ्या. उथळ धापा टाकल्या तर नळीतलीच वापरलेली हवा पुन्हा आत जाते. सगळा चेहरा झाकणारे मास्क बाजारात आलेत, ते मी घरच्यांना घेऊ देत नाही. आत जागा मोठी, वापरलेली हवा साठू शकते, नाक धरता येत नाही आणि घाबरल्यावर चटकन ओढून काढणं अवघड. रक्तदाब किंवा हृदयाचं औषध चालू असेल, दमा असेल, तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

लागलं-खुपलं तर: प्रवाळावर खरचटलेली जखम लहान दिसली तरी चिघळते. स्वच्छ गोड्या पाण्यानं भरपूर धुवा, आत कण राहू देऊ नका. स्टोनफिश किंवा लायनफिश या विषारी माशांचा काटा घुसला तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, तो भाग बुडवून ठेवा. कळ कमी होते. आधी दुसऱ्या, न दुखणाऱ्या हातानं पाणी तपासा, नाहीतर भाजेल. मग दवाखाना. स्टोनफिश हुबेहूब दगडासारखा दिसतो, म्हणून बूट घातलेले असले तरी बघून पाऊल टाका.

बीडकर_फिरस्ता

बंडूभाऊ, वहिनींसाठी एक. तुलांबेनच्या अलीकडं आमेद नावाचा गावांचा पट्टा आहे, गाडीनं अर्धा तासही लागत नाही. तिथं जेमेलुकचा लहान उपसागर आहे, जरा आडोशाचा, प्रवाळ किनाऱ्याजवळच. पहिल्या दिवशी तिथं जा, जॅकेट घालून वहिनींना कमरेएवढ्या पाण्यात नळीची सवय होऊ द्या, दुसऱ्या दिवशी जहाज. उलटं केलंत तर त्या पहिल्याच लाटेला घाबरून परत पाण्यात येणार नाहीत. माझ्या घरात हे घडलंय, पण दुसऱ्या बेटावर.

आम्ही अंदमानला, नील बेटावर होतो, आता त्याला शहीद द्वीप म्हणतात. तिथली अडचण वेगळी. ओहोटीला खडक आणि प्रवाळाचा सगळा पठारी भाग उघडा पडतो. चालावं तर पायाखाली जिवंत प्रवाळ, पोहावं तर पाणी घोट्याएवढं. भरतीची वेळ आदल्या रात्रीच विचारून घ्यायची. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त उतरते, हे आपल्याकडं समुद्र नसल्यानं कुणाच्या ध्यानात येत नाही. अंदमानात मगरीही आहेत. २०१० मध्ये तिथल्याच हॅवलॉक बेटावर राधानगरला स्नॉर्कलिंग करणारी एक अमेरिकन तरुणी मगरीच्या हल्ल्यात गेली. पाटी लावलेली असली की पाण्यात जायचं नाही, मग कितीही लोक पोहत असोत.

गाईडचं म्हणाल तर पहिल्या फेरीला गावातलाच माणूस घ्या. प्रवाह आज कुठल्या अंगानं आहे हे त्याला किनाऱ्यावरनंच कळतं. जाताना प्रवाहाच्या उलट जायचं, म्हणजे दमल्यावर तो आपल्याला परत आणून सोडतो.

नांदेडचा_बंडू

मावशी, डॉक्टरसाहेब, बीडकर भाऊ, लई उपकार झाले. पोराला डॉक्टरसाहेबांचं उत्तर मोठ्यानं वाचायला लावलं. आता “पप्पा, तुम्ही किती वेळ खाली थांबायचे?” म्हणून माझीच उलटतपासणी करायलाय.

चष्म्याचं आणि मिशीचं राहिलं. मिशी काढणार नाही. आमच्या घरात आजोबापासून कुणी काढलेली नाही.

औशाची_मावशी

आजोबा समुद्रात गेले नव्हते. पण काढायची गरजही नाही. मास्कची सिलिकॉनची कड नाकाच्या खाली ओठावर टेकते, तेवढीच पट्टी केसांनी सुटते आणि पाणी तिथून झिरपतं. नाकाखाली मिशीचा वरचा काठ अर्ध्या बोटाएवढा बारीक करून घे, खालची मिशी आहे तशी राहू दे. तरी थोडं पाणी येईलच. ते आलं की मास्कची वरची कड कपाळावर दाब, मान जराशी वर कर आणि नाकानं फुंकर मार, पाणी खालून निघून जातं. हे उथळ पाण्यात दहादा करून बघ, म्हणजे खोलात हात थरथरणार नाही.

चष्म्यासाठी नंबरचा मास्क मिळतो, तयार काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यानं येतात. वजा चारची काच इथूनच मागवून ने, तिथल्या दुकानात तुझा नंबर असेलच असं नाही. पाण्यात वस्तू एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांशानं मोठी दिसते, त्यामुळं हात लावायला गेलास की अंतर चुकतं. दोन बुड्यांत सवय होते.

मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर धर आणि नाकानं श्वास आत ओढ. हात सोडल्यावर तो तसाच चिकटून राहिला तर तुझ्या मापाचा. नवीन काचेवर आतून कारखान्यातला पातळ थर असतो, तो टूथपेस्टनं चोळून काढ, नाहीतर धुकं धरतं. रोज उतरताना आत थुंकून बोटानं पसरवायचं आणि विसळायचं. पोरगं ईऽऽ करेल, करू दे. आणि सगळ्यांनी लांब बाह्यांचा अंगरखा घाला. पाठ पाण्यावर तासभर उघडी राहते, गार पाण्यात ऊन लागलेलं कळत नाही आणि रात्री पाठीवर निजता येत नाही.