होस्ट टूलमध्ये बाइट ऑर्डर: हेडर हवं की नुसते शिफ्ट?

शिफ्टवाला: आमचं फर्मवेअर इमेज बनवणारं होस्ट टूल (म्हणजे बिल्डच्या मशीनवरच चालणारं) लिनक्सवर वर्षानुवर्षं निमूट बिल्ड होत होतं. परवा एकाने मॅकवर मेक मारलं आणि पहिल्याच फाईलला 'एंडियन.एच सापडत नाही'; आकड्यातल्या बाइटांचा क्रम, म्हणजे बाइट ऑर्डर, बदलून देणारं सीचं हेडर ते. लगेच मॅक, बीएसडी, विंडोज अशी इफडेफची (प्लॅटफॉर्म बघून कोड निवडणाऱ्या अटींची) उतरंड रचली गेली. माझं म्हणणं, ते हेडरच हद्दपार करा. यूबूट बूटलोडरच्या जुन्या इमेज हेडरचा (हे हेडर म्हणजे इमेज फाईलच्या सुरुवातीचा माहितीचा भाग) मॅजिक, म्हणजे ओळखीचा आकडा घ्या, हेक्समध्ये २७०५१९५६. फाईलमध्ये तो २७ ०५ १९ ५६ असाच, म्हणजे बिग-एंडियन (मोठा बाइट आधी) पडायला हवा. एक्स८६ लिटल-एंडियन (लहान बाइट आधी), तिथे इंट थेट एफराइट केलात की ५६ १९ ०५ २७. त्यापेक्षा २४, १६, ८ ने उजवीकडे सरकवून एकेक बाइट बफरमध्ये टाका. होस्ट कुठला हे विचारायचंच कशाला?

हेडरप्रेमी: असहमत. एका फील्डला हे छान दिसतं. त्याच ६४ बाइटांत सीआरसी (चेकसम), वेळ, आकार, लोडचा पत्ता, एंट्री पॉइंट... सगळे ऑफसेट हाताने मोजणार? एक चुकला की रात्र गेली. स्ट्रक्ट ठेवा, मॅकसाठी दहा ओळींचं हेडर एकदाच लिहा. पोसिक्स या युनिक्स मानकाच्या २०२४ च्या आवृत्तीत एंडियन.एच आलंय.

शिफ्टवाला: मोजता कशाला? पॉइंटर पुढे नेणारं चार ओळींचं फंक्शन लिहा, फील्ड क्रमाने ओता. स्ट्रक्टमध्ये पॅडिंग (कंपायलरचे रिकामे बाइट) घुसतं ते वेगळंच.

जुना फर्मवेअरवाला: शिफ्टला +१, पण वाचताना जपा. बाइट थेट २४ ने डावीकडे सरकवला तर आधी त्याचा साधा इंट होतो, आणि हेक्स ८० पासून पुढचा बाइट चिन्हाच्या बिटावर आदळतो. आधी अनसाइन्ड ३२ मध्ये कास्ट करा. मला हे सॅनिटायझरने (चालताना अशा चुका दाखवणाऱ्या कंपायलरच्या तपासणीने) शिकवलं, बऱ्याच उशिरा.

बाकी खरी घाण दुसरीकडे असते. आमच्याकडे होस्टची ऑर्डर बघून टार्गेटची (ज्यावर इमेज चालणार त्या बोर्डाची) ठरवणारा इफडेफ निघाला होता. होस्ट एक्स८६, टार्गेट बिग-एंडियन मिप्स प्रोसेसर! हेडर घ्या नाहीतर शिफ्ट, ही चूक दोन्हीत शाबूत राहते. ऑर्डर एल्फ फाईललाच (टार्गेटसाठी कंपाइल झालेल्या बायनरीला) विचारा: सहावा बाइट १ असेल तर लिटल, २ असेल तर बिग.

हेडरप्रेमी: एल्फचं मान्य. पण बीई३२ असा ३२ बिटी बिग-एंडियन आकड्याचा वेगळा टाइप ठेवला तर विसरलेलं रूपांतर स्पार्स हा कोड तपासणारा टूल पकडतो. तुमच्या बाइटांच्या बफरात काय पकडणार?

शिफ्टवाला: क्यूमू या एम्युलेटरमध्ये आयबीएम मेनफ्रेमचा एस३९०एक्स आहे, तो बिग-एंडियन. टूल तिथे चालवा, इथे चालवा, दोन्ही इमेजना सीएमपी (फाईली बाइटागणिक ताडून बघणारी कमांड) लावा. फक्त हेडरमधली वेळ आधी गोठवा, नाहीतर सीएमपी उगाच बोंबलेल.