सड्यावर (कातळाच्या माळावर) राहतो, गरोदरपणाच्या किटवर दोन रेघा आल्या. पावसाळ्यात कुठून सुरुवात करावी?

सड्यावरची (14 जून)

देवगड तालुक्यात सड्यावरच्या आंबा-काजूच्या बागेत मी आणि नवरा राहून काम बघतो. पाळीचा पहिला दिवस 2 मे. आज सकाळी किट केलं, दुसरी रेघ आली पण फिकट. मळमळ आहे, बाकी त्रास नाही. पहिलीच वेळ.

आरोग्य केंद्र लांब आहे, मधल्या व्हाळावर (ओढ्यावर) साकव, म्हणजे छोटा पूल. पाणी चढलं की गाडी अलीकडेच ठेवावी लागते. रेंज फक्त पंपघराजवळ. गावच्या आशाताई (आरोग्य कार्यकर्त्या) नवऱ्याच्या भावकीतल्या, म्हणून लगेच सांगायचा धीर होत नाही. तिसरा महिना लागल्यावर डॉक्टरकडे गेलं तर चालेल का? बागेतली कोणती कामं सोडावीत? माहेर राधानगरीकडे आहे, बाळंतपण तिकडे करायचा विचार आहे.

बांधावरून

फिकट रेघसुद्धा रेघच, मात्र ती 5 मिनिटांच्या आत दिसलेली हवी. किट तसंच ठेवून अर्ध्या तासाने पाहिलं तर वाळलेल्या लघवीची राखाडी खूण दिसते, ती धरायची नाही. आपल्याकडे या दिवसांत हवा दमट असते. पाकीट आधी फोडून ठेवलं तर पट्टी सर्दावते आणि निकाल बिघडतो, म्हणून ते आयत्या वेळी फोडायचं. खात्रीसाठी दोन-तीन दिवसांनी सकाळची पहिली लघवी घेऊन पुन्हा करा. आशांकडे 'निश्चय' किट फुकट मिळतं, मेडिकलातलंही चालतं.

तारीख अशी काढतात: पाळीच्या पहिल्या दिवसात 9 महिने 7 दिवस मिळवायचे. 2 मे म्हणजे साधारण 9 फेब्रुवारी. आज तुम्हाला 6 आठवडे 1 दिवस झाले. दिवस पाळीपासून मोजतात, त्यामुळे डॉक्टरांचा आकडा तुमच्या हिशोबापेक्षा दोन आठवड्यांनी मोठा वाटेल. गडबडू नका.

तिसऱ्या महिन्यापर्यंत मात्र थांबू नका. शहरात राहणारीने थांबणं वेगळं, साकवापलीकडे राहणारीने वेगळं. गर्भ पिशवीत न राहता नळीत रुजला असेल तर सहाव्या ते आठव्या आठवड्यात नळी फुटू शकते आणि पोटात रक्तस्राव होतो. त्या वेळी ऑपरेशनची सोय आणि रक्त दोन्ही जवळ लागतं. किटला यातलं काही कळत नाही, गर्भ कुठेही असला तरी रेघा दोनच येतात. म्हणून 20 ते 27 जूनच्या दरम्यान एक सोनोग्राफी करून घ्या. तेव्हा सात-आठ आठवडे झालेले असतील, गर्भाची जागा आणि ठोके एकाच फेरीत दिसतील. आजच गेलात तर ठोके न दिसण्याची शक्यता आहे आणि मग दुसरी फेरी पडेल.

निघण्याआधी पंपघरापाशी जाऊन केंद्राला फोन करा. तालुक्याच्या ठिकाणी सोनोग्राफी करणारे डॉक्टर रोज असतीलच असं नाही. आधार कार्ड न्या, फॉर्म भरून घेतल्याशिवाय तपासणी होत नाही. पोटावरून करणार असतील तर तासभर आधी तीन-चार ग्लास पाणी पिऊन लघवी रोखावी लागते, आतून करणार असतील तर लघवी करून जायचं. तेही फोनवरच विचारा, नाहीतर तुंबलेल्या लघवीने गाडीतले धक्के नुसते जीव घेतात.

फॉलिक ॲसिड 400 मायक्रोग्रॅम आजपासून रोज एक. डॉक्टरांची भेट होईपर्यंत यासाठी थांबायची गरज नाही, उपकेंद्रातही मिळते.

एका बाजूला ओटीपोटात कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त जाणं, यातलं काही झालं तर वाट न बघता 108. अशा वेळी बाईकवर मागे बसून जायचं नाही, वाटेत चक्कर आली तर सावरणार कोण?

कलमवाला

बागेचं मी सांगतो. मोहराच्या फवारण्या आता नाहीत, पण पावसाळ्यातली तीन कामं पूर्ण सोडा: तणनाशक मारणं, कल्टार (आंब्याला मोहर यावा म्हणून द्यायचं औषध) घालणं आणि औषधांच्या खोलीतली आवराआवर. कल्टार साधारण 15 जुलै ते 15 ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती ओततात. औषध ढवळणं, मापं धुणं, रिकामे डबे उचलणं हे हलकं काम म्हणून बायकांकडे येतं, आणि तिथेच तीव्र औषध हाताला लागतं. फवारणाऱ्याने कपडे पडवीबाहेर बदलावेत, ते वेगळ्या बादलीत भिजवून त्यानेच धुवावेत. मारलेल्या भागात निदान दोन दिवस जाऊ नका. मे महिन्यापासून कशाशी संपर्क आला असेल तर डब्याच्या लेबलचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. नुसतं 'काजूवर मारायचं औषध' म्हटलं तर त्यांना काही उमगत नाही.

दुसरी गोष्ट लेप्टोची, म्हणजे साचलेल्या पाण्यातून लागणाऱ्या तापाची. शेतात-चिखलात काम करणाऱ्यांना पावसाळ्यात डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटतात. सगळ्यांबरोबर तुमच्याही हातावर ठेवतील. गरोदर बाईला ती गोळी चालत नाही. दिवस गेलेत हे सांगा, पर्याय द्यायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. त्यापेक्षा साचलेल्या पाण्यात उतरूच नका. काम असेलच तर गमबूट, आणि पायाला चीर असेल तर तेही नको.

बांधावरून

कलमवाल्यांनी लेप्टोची बरी आठवण करून दिली. त्याच्याच जोडीला विहिरीचं पाणी. पावसात गढूळ झालं की कावीळ पसरते, आणि त्यातली ई प्रकारची कावीळ गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. पाणी खळखळून उकळा, नुसतं कोमट करून गाळलं तर काही उपयोग नाही. ताप आला तर पॅरासिटामॉल चालते. घरात पडलेली आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक नको. ताप दुसऱ्या दिवशीही राहिला तर रक्त तपासायला जा.

मळमळीला उकड्या तांदळाची पेज मीठ घालून थोडी थोडी, दर दोन तासांनी. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते. पाणीसुद्धा टिकेना, किंवा सात-आठ तासांत लघवी झाली नाही, तर सलाइन लागतं, तिथे घरगुती उपाय पुरे पडत नाहीत. मासे बंद करायचं कारण नाही. बांगडा, तारली, बोंबील नीट शिजवून खुशाल खा. मोरी (शार्क) आणि मोठी सुरमई टाळा, त्यांत पारा जास्त साठतो. कालवं-तिसऱ्या (शिंपले) अर्धकच्च्या नकोत.

खाडीपलीकडे

आशाताईंबद्दल. त्यांना चुकवून नोंदणी करायची असेल तर थेट उपकेंद्रातल्या नर्सताईंकडे किंवा ग्रामीण रुग्णालयात जाता येतं. 'एवढ्यात वाडीत कळायला नको' हे स्पष्ट सांगा. पण पुढे आशाताईंना सांगणं तुमच्याच सोयीचं आहे, कारण रात्री गाडी बोलवायची वेळ आली तर धावपळ त्याच करतात.

नोंदणी 12 आठवड्यांच्या आत, म्हणजे 25 जुलैच्या आधी. सोनोग्राफीच्या फेरीतच उरकली तर उत्तम. माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, ते राधानगरीलाही चालतं, म्हणून 'माहेरी गेल्यावर करू' असं नको. त्याच दिवशी हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, साखर, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी यांसाठी रक्त-लघवी देऊन टाका. रक्तगट निगेटिव्ह निघाला आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारून ठेवा. ते 28 व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर 72 तासांत देतात. मध्येच अंगावर गेलं तरी लागू शकतं. ऐन वेळी शोधत बसायचं औषध नव्हे ते.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5000 रुपये दोन हप्त्यांत येतात, उत्पन्नाच्या वगैरे अटी आहेत. खातं आधारला जोडलेलं आहे ना, तेवढं आताच बघा. पैसे बहुतेक तिथेच अडकतात. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, फेऱ्या त्या बेताने लावता येतील.

आता गाडीचं. 108 ची गाडी बागेपर्यंत येईल हे धरून चालू नका. साकवाच्या केंद्राकडच्या बाजूला कुठे भेटायचं ती जागा आजच ठरवा, आणि फोनवर सांगायला देऊळ, फाटा, शाळा अशी कुणालाही कळणारी खूण ठेवा. गाडीवाल्या दोघांचे नंबर कागदावर लिहून पंपघराच्या भिंतीला चिकटवा. सोनोग्राफीत सगळं ठीक असेल आणि अंगावर जात नसेल तर एसटीच्या धक्क्यांनी गर्भ पडत नाही, तेवढी भीती सोडा.

माहेरी जायचं तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत घाट चढा, म्हणजे 34 आठवडे भरायच्या आत. तेव्हा दरडींचा प्रश्न नसतो. खरी अडचण 18 ते 20 आठवड्यांच्या, बाळाचे अवयव बघायच्या सोनोग्राफीची. ती 5 ते 19 सप्टेंबरमध्ये येते आणि गणपती त्याच सुमारास असतात. नंबर ऑगस्टमध्येच लावा.

सड्यावरची

22 तारखेची वेळ मिळाली. एक विचारायचं होतं, घरात लोहाच्या लाल गोळ्या आहेत, त्याही आताच सुरू करू का?

बांधावरून

आता नको, मळमळ वाढेल. पहिले तीन महिने फॉलिक पुरे, हिमोग्लोबिन फारच कमी निघालं तर डॉक्टर वेगळं सांगतील. लाल गोळी चौथ्या महिन्यापासून, रोज एक, निदान 180 दिवस. कॅल्शियमही तेव्हाच सुरू होतं, पण दोन्ही एकदम घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लाल गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल. शौचाला काळं होईल, ते लोहामुळे. आणि घरातल्या गोळ्यांची मुदत बघा, पट्टी ओल धरून फुगली असेल तर टाकून द्या.