संसद दिवसभर चालली, विडी घरकुलच्या पदरात काय पडलं?

साखरपेठकर

अधिवेशन सुरू झालं की आपल्या ग्रुपांवर दोनच प्रकारचा माल फिरतो. आपला नेता कसा गरजला आणि समोरचा कसा तोंडघशी पडला. दोन्ही मिनिटाभराचे. या खेपेला मी संसद टीव्ही लावून लोकसभेचा आख्खा दिवस पाहिला, अकराच्या प्रश्नोत्तराच्या तासापासून सभागृह उठेपर्यंत. पेन्शन, रेशन, कामगार या विषयांचं खरं काम पडद्यावर दिसतच नाही, असं माझं ठाम मत झालंय. ते कागदावर चालतं.

दिवसाला २० तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न लागतात. त्यातल्या जेमतेम चार-पाचांना तोंडी उत्तर मिळतं. उरलेल्यांची, शिवाय फक्त लेखी उत्तराच्या २३० अतारांकित प्रश्नांची उत्तरं लेखी पटलावर ठेवतात आणि लोकसभेच्या संकेतस्थळावर ती कुणालाही वाचता येतात. हे उत्तर म्हणजे सभेतलं भाषण नव्हे. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर हक्कभंगापर्यंत जातं, म्हणून मंत्रालयाचे बाबू एकेक शब्द तोलून लिहितात.

ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन घ्या. सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये, आजतागायत तीच. आपल्याकडे सोलापुरात विड्या वळून म्हातारपण आलेल्या किती बायका त्यावर आहेत, ते सांगायला नको. यावर अधिवेशनागणिक प्रश्न येतात. आपल्यापैकी उत्तर किती जणांनी वाचलंय?

खासदाराला नुसतं ‘आवाज उठवा’ म्हणून उपयोग नाही. नेमका प्रश्न लिहून हातात द्यायला हवा. बोला.

कडक_भाकरी

मालक, मी वाचलंय. उत्तर असं: मागणी मिळाली आहे, फंडाच्या मूल्यांकनात तूट दिसते, सरकार आधीच अर्थसंकल्पातून भर घालतंय. साल बदलतं, मजकूर तोच.

आणि कागदाचंच म्हणाल तर २०१३ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने किमान पेन्शन ३,००० करा असा अहवाल दिला होता. समितीचे अध्यक्ष भगतसिंग कोश्यारी. हो, तेच. पुढे ते आपले राज्यपाल झाले, राजभवनात राहून परतही गेले, पेन्शन हजारावरून हलली नाही. आता तुमच्या अतारांकित प्रश्नाने ती हलणार म्हणता?

साखरपेठकर

अहवाल २०१३ चा, हजाराची किमान पेन्शन २०१४ ची. त्याआधी सगळ्यांसाठी एकच किमान रक्कम नव्हती, शे-दोनशे रुपये घेणारी माणसं होती. अहवालामुळेच झालं असा दावा मी करत नाही. पण मागणी नोंदलेली होती म्हणून तिच्यावर निर्णय घेणं भाग पडलं, एवढं तरी माना.

होटगीरोड

कुणाला आवडणार नाही, तरी लिहितो. ईपीएस ही वर्गणीवर चालणारी योजना आहे. मालकाच्या वाट्यातले पगाराच्या ८.३३ टक्के आणि केंद्राचे १.१६ टक्के. पगार तुटपुंजा, त्यात कारखान्याने दाखवलेले दिवस कमी. मग सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७० केलं की हिशोब शेकड्यातच येतो. तो हजारावर नेण्यासाठी वरची रक्कम सरकार घालतं. किमान पेन्शन ७,५०० करा म्हणणाऱ्यांनी उरलेले पैसे कुणाच्या खिशातून येणार तेही सांगावं. संसदेचं काम हिशोब तपासण्याचं आहे, रक्कम वाढवत सुटण्याचं नाही.

कडक_भाकरी

हिशोब तपासायचा? २०१८ च्या मार्चमध्ये लोकसभेने वित्त विधेयक आणि खात्यांच्या खर्चाच्या मागण्या अर्ध्या तासात, विनाचर्चा मंजूर केल्या. २०२३ मध्ये पुन्हा गोंधळातच बजेट पास. आणि वृद्धापकाळ पेन्शनमधला केंद्राचा वाटा बघा, ६० ते ७९ वयाला महिना २०० रुपये. दोनशे! राज्य वरचे घालतं म्हणून राज्याच्या श्रावणबाळ योजनेचे १,५०० होतात. ग्रामविकासाची स्थायी समिती हे दोनशे वाढवा म्हणून कितीदा सांगून दमली.

लकीचौक

नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायलंय आणि इथं अतारांकित प्रश्नावर चर्चा करायलेत. चालू द्या.

साखरपेठकर

नळ महापालिकेचा, लोकसभेचा नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा हा नगरपालिकांच्या यादीतला विषय केलाय. केंद्राचा संबंध अमृतसारख्या योजनांच्या पैशापुरता.

लकीचौक

आणि ती महापालिका मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं प्रशासकाच्या हातात होती. नगरसेवकच नाही, तर विचारायचं कुणाला? आमच्या गल्लीत पाणी रात्री कधी येईल त्याचा नेम नसतो. बायका मोटारीला हात लावून बसतात. तुम्ही १५ दिवस आधी प्रश्नाची नोटीस द्या, तोवर उजनी रिकामी होतंय.

घरकुलातली

मी कुंभारीला, विडी कामगारांच्या घरकुलात राहते. सासूबाईंनी लग्न होऊन आल्यापासून विड्या वळल्या, आता पेन्शन हजार रुपये. वर रकमेवरच सगळे भांडताय, म्हणून वेगळं काही सांगते.

दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. अंगठा मशीनवर ठेवायचा. पण विडी वळून वळून, तंबाखूत राहून त्यांच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झालीत की मशीन घेतच नाही. दहाही बोटं लावून पाहिली. एका बँकेत आम्हाला दोनदा परत पाठवलं, ‘पुढच्या आठवड्यात हात धुऊन या’ म्हणाले. हात धुऊन! त्यांच्या बोटावरच्या रेषाच गेल्यात.

मग मोबाइलवरून चेहऱ्याने दाखला होतो असं पुतण्याने सांगितलं. ते अ‍ॅप म्हणतं, पापणी मिटा. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दारात उजेडाकडे तोंड करून बसवलं तर डोळे किलकिले करतात, सावलीत बसवलं तर चेहरा दिसत नाही. शेवटी एकदाचं झालं. शिवाय ईपीएसचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो, हे आम्हाला बँकेत कुणी सांगितलं नाही. नोव्हेंबरातच रांग लावायची असं सगळ्या बायका धरून चालतात.

पैसे वाढतील तेव्हा वाढतील. ज्यांचा अंगठा उमटत नाही अशा किती जणींची पेन्शन दाखल्याअभावी थांबली, हे तरी दिल्लीत कुणी विचारतं का?

कडक_भाकरी

वहिनी, उत्तर मी आत्ताच देतो: पर्याय उपलब्ध आहेत.

जुळेसोलापूर_वकील

असं उत्तर आलं तरी ते हातात घेऊन बँकेत जाता येतं. पण माझा आक्षेप साखरपेठकरांच्या मुळावरच आहे. प्रश्न विचारण्याची सोय आहे म्हणून संसद चालते असं म्हणायचं का? कायदे कसे होतात ते बघा.

विडी कामगारांचा स्वतंत्र कायदा होता, १९६६ चा. घरी विडी वळणारी बाईसुद्धा कामगार, हे त्यात मान्य होतं. कामगारांचे २९ कायदे मोडून चार संहिता केल्या, त्यात तोही गेला. चारपैकी तीन संहिता २२ सप्टेंबर २०२० ला लोकसभेत आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर झाल्या. विरोधी बाकांवर बहुतेक कुणी नव्हतं, बहिष्कार होता. बहिष्कार टाकणाऱ्यांनाही मी सोडत नाही. ज्या दिवशी कामगारांचा कायदा येतो त्या दिवशी बाहेर बसून कामगारांचं काय भलं केलंत? लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडलं. संसदेच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या पीआरएस संस्थेच्या मोजणीनुसार पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समितीकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६ टक्के.

त्याआधी जीएसटी आला तेव्हा, २०१७ मध्ये, विडीवरचा कल्याण उपकरही गेला. त्याच पैशातून विडी कामगारांचे दवाखाने, पोरांची शिष्यवृत्ती चालायची. आता सगळं बजेटच्या मर्जीवर. त्या वेळी सोलापुरात यावर कोण बोललं?

टॉवेलवाला

वकीलसाहेब, संहितांना सरसकट वाईट म्हणू नका. माझे थोडे माग आहेत अक्कलकोट रोडला. पूर्वी रजिस्टरं ठेवता ठेवता जीव जायचा आणि तपासणीला येणारा माणूस काय बघायला यायचा ते आपण जाणतोच. आता प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावं लागणार, हे कामगाराच्याच फायद्याचं आहे. कामगार कपातीला सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली म्हणून ओरड चालते, पण आपल्या एमआयडीसीत तीनशे माणसांचे कारखाने कितीसे?

जुळेसोलापूर_वकील

नेमणूकपत्र चांगलंच. घरी विडी वळणाऱ्या बाईला ते कोण देणार, मूळ कंपनी की मधला ठेकेदार? २०१९ चे मसुदे समितीत गेले होते, पण २०२० चे बदललेले मसुदे पुन्हा तिथं महिनाभर घासले असते तर हे तिथंच निघालं असतं.

होटगीरोड

मला पैशाबद्दल कुणी उत्तर दिलेलं नाही, नोंद घ्यावी.

साखरपेठकर

पैशावर माझं उत्तर: निदान किती लागतील ते तर कळू द्या. ३,००० केले तर सरकारवर वर्षाला किती बोजा, हा सुद्धा प्रश्नच आहे आणि तो तुमच्याही कामाचा आहे.

वहिनींच्या लिहिण्यावरून मसुदा केलाय, कामगार मंत्र्यांसाठी. (क) गेल्या तीन वर्षांत दाखल्याअभावी किती ईपीएस पेन्शनरांची पेन्शन थांबली, त्यात महाराष्ट्रातले किती. (ख) बोटांचे ठसे न उमटणाऱ्या विडी कामगारांसाठी बँकांना काय लेखी सूचना आहेत. (ग) किमान पेन्शन ३,००० केल्यास वार्षिक खर्च किती. (घ) श्रावणबाळची रक्कम वाढवण्याचा विचार आहे काय.

जुळेसोलापूर_वकील

(घ) काढा. श्रावणबाळ राज्याची योजना आहे, त्या सबबीवर अख्खा प्रश्न छाननीत बाद करतील. त्या जागी केंद्राच्या दोनशे रुपयांचंही घालू नका, ते ग्रामविकास मंत्रालयाकडे आहे, वेगळी नोटीस द्यावी लागेल. (ख) मध्ये सूचनेची तारीख आणि क्रमांक मागा, नाहीतर ‘सूचना दिल्या आहेत’ एवढ्यावर भागवतील.

घरकुलातली

(ख) मध्ये पापणीचंही घाला.