कायदा शिकवायचाय: पेटंट, प्रायव्हसी की तंत्रज्ञान?

नवी_वकील
एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) संपत आलंय, प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेची तयारी चालू आहे. कायदा शिकवायचा हे नक्की, पण पीएचडीच्या विषयावर अडलंय. पेटंट-कॉपीराइट मनापासून आवडतं. २०१७मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हापासून मात्र जो तो सांगतो, प्रायव्हसी घे. एकच घ्यायचं तर कुठलं?

पेटंट_एजंट
पेटंटच घ्या. लोकांचे पेटंट अर्ज दाखल करणाऱ्या पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. शिकवायला ती अट नाही.

फळा_आणि_खडू
मी पेटंट, प्रायव्हसी आणि तंत्रज्ञान कायदा असे तिन्ही विषय शिकवते. माझं ऐकशील तर आधी विषय नको, वाद निवड. १९९४चा ऑटो शंकर खटला घे. फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याचं आत्मचरित्र एक तमिळ साप्ताहिक छापणार होतं आणि ते थांबवायला तुरुंग अधिकारी पुढे सरसावले. सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मान्य केला, पण छापण्याआधीच रोखायचा अधिकार अधिकाऱ्यांना नाही असंही सांगितलं. आता हा खटला कुठल्या विषयात घालशील?

आणि प्राध्यापकाने काय करावं हे पाहायचं तर शमनाद बशीर यांचं काम बघ. दिल्लीत वकिली, मग ऑक्सफर्ड, मग कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात बौद्धिक संपदेचं (पेटंट, कॉपीराइट वगैरे) अध्यासन. २००५मध्ये त्यांनी स्पायसीआयपी हा याच विषयावरचा ब्लॉग सुरू केला. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिवेक या कॅन्सरवरच्या औषधाच्या पेटंट खटल्यात ते कुणाचेच वकील नव्हते. माहीत असलेल्या औषधाच्या नव्या रूपाला, ते जास्त गुणकारी नसेल तर, पेटंट नाकारणाऱ्या पेटंट कायद्याच्या कलम ३(डी)चा अर्थ कसा लावावा हे मांडायला अभ्यासक म्हणून ते सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. १ एप्रिल २०१३ला कंपनीचा दावा फेटाळला गेला.

तो खटला सगळ्यांना माहीत असतो. मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. आपला शोध भारतात वापरात आहे की नाही, हे पेटंटधारकाने फॉर्म २७ भरून कळवायचं असतं. ते फॉर्म कुणी अर्धवट भरत होतं, कुणी भरतच नव्हतं. बशीर यांनी ते मिळवले, तपासले आणि २०१५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०२०मध्ये सरकारने फॉर्म बदलला. असे रुक्ष कागद वाचण्याचे पैसे कुठलाच अशील देणार नाही. ते काम आपलं आहे, आणि म्हणूनच मला ही नोकरी इतकी प्रिय आहे.

नवी_वकील
मॅडम, प्रायव्हसीत असे न वाचलेले कागद कुठे सापडतील?

फळा_आणि_खडू
२०२३चा डेटा संरक्षण कायदा उघड. संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२पैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा, असं त्यात आहे. अ‍ॅप आणि बँकांच्या मराठी सूचना जमव. त्या वाचून माणसाला आपण कशाला हो म्हणतोय हे कळतं का, ते तपास. मराठी आणि कायदा दोन्ही येणाऱ्यानेच करायचं काम आहे हे. आराखडा झाला की इथेच टाक, मी वाचते.